फ्लू आणि बर्ड फ्लू : विषाणू कुठे राहतो, आपल्यापर्यंत कसा येतो आणि कोणाला कधी कळवायचे

थोडक्यात

• नेहमीचा फ्लू माणसाकडून माणसाला होतो. लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून रुग्ण दुसऱ्याला आजार देऊ शकतो.
• फ्लूच्या 'ए' प्रकारच्या विषाणूंचे मूळ आश्रयस्थान म्हणजे पाण्यावर राहणारे रानपक्षी. तिथून तो कोंबड्या, बदके, डुकरे आणि क्वचित माणसांपर्यंत येतो.
• कोंबड्या अचानक मरू लागल्या तर त्या विकू नका, कापू नका, ओढ्यात टाकू नका. ग्रामपंचायतीला, पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवा.
• बर्ड फ्लूमध्ये भरपाई शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. म्हणून उशीर केल्यास नुकसान तुमचेच होते.

ही माहिती कोणासाठी आहे?

शासकीय योजनेतून किंवा बचत गटाच्या कर्जातून कोंबड्या घेतलेल्या कुटुंबांसाठी, पोल्ट्रीवर काम करणाऱ्या मजुरांसाठी, तसेच घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध व्यक्ती असलेल्या प्रत्येक कुटुंबासाठी ही माहिती आहे. फ्लू कसा पसरतो हे समजले की शासनाच्या सूचना का दिल्या जातात हेही समजते, आणि मदत कुठे व केव्हा मागायची हेही कळते.

'आश्रयस्थान' आणि 'वाहक' म्हणजे काय?

आरोग्य विभागाच्या पत्रकांत हे दोन शब्द अनेकदा येतात. त्यांचा अर्थ वेगवेगळा आहे.

आश्रयस्थान म्हणजे रोगाचा जंतू जिथे कायम टिकून राहतो ती जागा. साथ नसते तेव्हाही जंतू तिथे असतोच. ही जागा माणूस असू शकते, प्राणी असू शकतो किंवा काही रोगांत माती आणि पाणीही असू शकते. उदाहरणार्थ, देवीच्या रोगाचे आश्रयस्थान फक्त माणूस होते. म्हणून जगभरातील माणसांमधली साखळी तोडल्यावर तो रोग कायमचा संपला. फ्लूचे तसे नाही. माणसांमधला फ्लू उद्या थांबला, तरी पक्ष्यांमधला विषाणू राहणारच आहे.

वाहक म्हणजे ज्याच्या शरीरात जंतू आहे आणि जो तो दुसऱ्याला देऊ शकतो, पण स्वतः आजारी दिसत नाही असा माणूस किंवा प्राणी. विषमज्वरात, म्हणजे टायफॉइडमध्ये, बरा झालेला माणूस कित्येक महिने किंवा वर्षे वाहक राहू शकतो. फ्लूमध्ये असे होत नाही. फ्लू झालेला निरोगी प्रौढ माणूस साधारण आठवडाभरच विषाणू बाहेर टाकतो. लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण त्याहून जास्त दिवस टाकू शकतात.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. माणसांमधल्या फ्लूला जिवंत राहण्यासाठी दर काही दिवसांनी नवा माणूस लागतो. आजाऱ्याने ते मोजके दिवस सांभाळले, तर त्याच्यापासून पुढे जाणारी साखळी तिथेच तुटते.

माणसांमधला फ्लू : इथे आश्रयस्थान आपणच

इन्फ्लूएंझा विषाणूचे ए, बी, सी आणि डी असे चार प्रकार आहेत. दरवर्षी येणारा फ्लू मुख्यतः ए आणि बी या प्रकारांमुळे होतो. बी प्रकार जवळजवळ संपूर्णपणे माणसांमध्येच फिरतो. ए प्रकारातील एच१एन१ आणि एच३एन२ हे उपप्रकार सध्या माणसांमध्ये स्थिरावले आहेत. नेहमीचा फ्लू होण्यासाठी कोणत्याही प्राण्याशी संपर्क यावा लागत नाही.

भारतात फ्लूचे रुग्ण प्रामुख्याने दोन काळांत वाढतात : जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्याच्या सुमारास व नंतर. राज्याराज्यांत यात थोडा फरक पडतो.

विषाणू तीन मार्गांनी पसरतो :

१. खोकताना, शिंकताना आणि बोलताना उडणाऱ्या थेंबांतून. जवळ बसलेल्या माणसाच्या नाकातोंडात ते थेट जातात.
२. बंद, कोंदट जागेत हवेत तरंगणाऱ्या अतिशय बारीक कणांतून. म्हणून एका खोलीत राहणारी कुटुंबे, वसतिगृहे, कामगारांच्या खोल्या आणि गच्च भरलेल्या गाड्या इथे फ्लू लवकर पसरतो.
३. हातांवरून. दाराची कडी, मोबाइल, नळ, स्टीलचा पेला अशा कठीण व गुळगुळीत वस्तूंवर विषाणू एक ते दोन दिवस टिकू शकतो. तिथे हात लावून तोच हात नाकाला किंवा डोळ्याला लावला की संसर्ग होऊ शकतो.

विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, बहुतेकदा दोन. लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस रुग्ण संसर्ग पसरवू शकतो. पहिल्या तीन-चार दिवसांत ही शक्यता सर्वांत जास्त असते. काही जणांना विषाणूची लागण होते, पण लक्षणे जवळजवळ दिसतच नाहीत. ही माणसे त्या काही दिवसांपुरती वाहक असतात. म्हणूनच "घरात कोणीच आजारी नव्हते, मग बाळाला कुठून झाला?" या प्रश्नाचे उत्तर अनेकदा घरातच असते. यात कोणाचा दोष नाही. साथीच्या दिवसांत सगळ्यांनीच हात धुवावेत आणि खोकताना तोंड झाकावे असे सांगितले जाते, ते याच कारणासाठी.

पक्षी : विषाणूचे जुने घर

ए प्रकारच्या विषाणूचे बहुतेक सर्व उपप्रकार पाणपक्ष्यांमध्ये सापडले आहेत. रानबदके, हंस, कुरव आणि पाणथळ जागी राहणारे इतर पक्षी हे त्याचे मूळ आश्रयस्थान आहेत. या पक्ष्यांच्या आतड्यांत विषाणू वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. पुष्कळदा पक्षी आजारी दिसतही नाही. तो खातो, पोहतो, उडतो आणि विषाणू तळ्यात सोडत राहतो. थंड पाण्यात विषाणू अनेक दिवस टिकतो.

हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडत येणारे पक्षी आपल्या तळ्यांवर, धरणांवर आणि खाजणांत उतरतात. त्याच तळ्यावर गावातली बदके पोहत असतील, किंवा त्या काठावरून चालत आलेल्या माणसाच्या चपलेला विष्ठा लागली असेल, तर विषाणू गावात येऊ शकतो. याचा अर्थ रानपक्ष्यांना मारावे किंवा त्यांची झाडे तोडावीत असा नाही. तसे केल्यास पक्षी विखुरतात आणि धोका वाढतो. रानपक्षी आणि आपले पाळीव पक्षी यांच्यात अंतर ठेवणे हाच उपाय आहे.

विषाणू कोंबड्यांमध्ये शिरला की चित्र बदलते. एच५ आणि एच७ गटांतील काही विषाणू कोंबड्यांमध्ये अतितीव्र रूप घेतात. तेव्हा शेडमधली बहुतेक सगळी पाखरे दोन-तीन दिवसांत मरू शकतात. पाळीव बदके मात्र पुष्कळदा लक्षणे न दाखवता विषाणू बाळगतात. म्हणून कोंबड्या आणि बदके एका खुराड्यात ठेवू नका, असा सल्ला दिला जातो. बदक धडधाकट आहे एवढ्यावरून ते निर्धोक ठरत नाही.

शेडपासून शेडपर्यंत विषाणू नेण्याचे काम मात्र बहुतेक वेळा माणूसच करतो. अंड्यांचे न धुतलेले ट्रे, पिंजरे, खाद्याची रिकामी पोती, टेम्पोची चाके, व्यापाऱ्याच्या चपला आणि शेतात टाकलेले कोंबडी खत हे त्याचे मार्ग आहेत. इथे माणूस आजारी नसतो, पण विषाणू त्याच्या वस्तूंवर बसून पुढच्या गावाला जातो.

पक्ष्यांकडून माणसांपर्यंत

पक्ष्यांच्या विषाणूला माणसाच्या शरीरात शिरणे सोपे नसते. विषाणू पेशीला चिकटतो तो ठरावीक जागी, कुलपाला किल्ली लागावी तसा. पक्ष्यांच्या आतड्यांतली ही कुलपे आणि माणसाच्या नाका-घशातली कुलपे वेगळी असतात. त्यामुळे पक्ष्यांकडून माणसाला होणारी लागण क्वचित घडते. पण घडली तर आजार गंभीर होऊ शकतो.

१९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये एच५एन१ ची १८ माणसांना लागण झाली आणि त्यांपैकी ६ दगावली. तेथील जिवंत कोंबड्यांच्या बाजारांशी या साथीचा संबंध होता. भारतात जुलै २०२१ मध्ये हरियाणातील एका लहान मुलाचा दिल्लीत एच५एन१ मुळे मृत्यू झाला. या विषाणूने माणूस दगावल्याची देशातील ही पहिली नोंद होती. त्याआधी २०१९ मध्ये महाराष्ट्रातील मेळघाटात १७ महिन्यांच्या एका बाळाला एच९एन२ या पक्ष्यांमधल्या दुसऱ्या विषाणूची लागण झाल्याचे आढळले. ते बाळ बरे झाले. गावपातळीवर श्वसनाच्या आजारांचे सर्वेक्षण सुरू होते आणि नमुना घेतला गेला, म्हणूनच हे कळले. आशाताई किंवा आरोग्य सेवक घरी येऊन सर्दी-खोकल्याची चौकशी करतात, त्याचा असा उपयोग असतो.

सर्वाधिक धोका कोणाला असतो? आजारी किंवा मेलेल्या कोंबड्या हाताळणाऱ्याला, त्या सोलणाऱ्याला, खुराडे झाडणाऱ्याला आणि त्या जागी खेळणाऱ्या मुलांना. परसातल्या कोंबड्यांचे खुराडे झाडण्याचे काम बहुधा घरातल्या बायका आणि मुली करतात. म्हणून ही माहिती घरातल्या पुरुषापुरती ठेवू नका.

इतर प्राणीही यातून सुटत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. भोपाळच्या प्रयोगशाळेत त्यांच्या नमुन्यांत एच५एन१ आढळला. मांजरवर्गातील प्राण्यांना बाधित पक्षी खाल्ल्याने हा आजार होऊ शकतो. मेलेली कोंबडी घरच्या मांजरापुढे किंवा कुत्र्यापुढे टाकू नये, ती याचमुळे.

डुक्कर आणि विषाणूंची सरमिसळ

डुकराच्या श्वसनमार्गात पक्ष्यांच्या विषाणूला लागणारी आणि माणसांच्या विषाणूला लागणारी, अशी दोन्ही कुलपे असतात. त्यामुळे एकाच डुकराला एकाच वेळी दोन वेगळे विषाणू होऊ शकतात. फ्लूच्या ए विषाणूची जनुकीय माहिती आठ सुट्या तुकड्यांत असते. दोन विषाणू एका पेशीत भेटले की हे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात आणि नवाच विषाणू तयार होऊ शकतो. नव्या विषाणूविरुद्ध कोणाच्याच शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती नसते. तो माणसाकडून माणसाला सहज पसरू लागला, तर जगभर साथ येते.

२००९ चा 'स्वाइन फ्लू' असाच होता. त्या विषाणूत डुक्कर, पक्षी आणि माणूस या तिघांकडून आलेले तुकडे होते. जून २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ जाहीर केली. भारतातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला. आज तोच विषाणू आपल्यात नेहमीचा फ्लू म्हणून फिरतो. आता तो डुकराकडून नव्हे, माणसाकडून होतो. नाव 'स्वाइन' असले तरी डुकराचे नीट शिजवलेले मांस खाल्ल्याने तो होत नाही.

१९१८ ची साथ मराठी मुलखात 'मानमोडी' म्हणून ओळखली गेली. त्या जूनमध्ये ती मुंबई बंदरात आली आणि रेल्वेच्या मार्गांनी देशभर गेली. भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावल्याचा अंदाज आहे. प्राण्यांमधल्या फ्लूवर शासन एवढी कडक नजर ठेवते, त्यामागे हा इतिहास आहे.

कोंबड्या मरू लागल्यास : कळवण्यात उशीर का करू नये?

भारतात बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला आढळली. सुरुवातीला पाखरे राणीखेतने मरत आहेत असे समजले जात होते. पुढे लाखो पक्षी नष्ट करावे लागले. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा हाच आजार आला.

राणीखेतलाही ग्रामीण भागात 'मानमोडी' म्हणतात. राणीखेत आणि बर्ड फ्लू यांची लक्षणे इतकी सारखी असतात की नुसते पाहून फरक सांगता येत नाही. तो प्रयोगशाळाच सांगू शकते. यासाठीची राष्ट्रीय प्रयोगशाळा भोपाळ येथे आहे. म्हणून "दरवर्षीचीच मर आहे" असे समजून गप्प बसू नका.

ही लक्षणे दिसल्यास सावध व्हा :

• एकाएकी, ओळीने पाखरे मरणे
• तुरा आणि गळ्याखालची लोंबती कातडी निळी-जांभळी पडणे, डोके सुजणे
• अंडी अचानक कमी होणे किंवा मऊ कवचाची येणे
• नाका-डोळ्यांतून पाणी, धाप, हिरवट पातळ विष्ठा
• मान वाकडी होणे, तोल जाणे, खाणे बंद होणे
• गावात कावळे, बगळे किंवा इतर पक्षी मरून पडलेले दिसणे

हे करा :

१. ग्रामपंचायतीला किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा निःशुल्क क्रमांक आहे. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यानुसार अधिसूचित रोगाचा संशय आल्यास कळवणे ही मालकाची जबाबदारी आहे.
२. उरलेली पाखरे बंद करा. मुलांना आणि पाहुण्यांना तिकडे जाऊ देऊ नका.
३. मेलेल्या पाखराला उघड्या हाताने शिवू नका. शिवावेच लागले तर हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी वापरा, नाक-तोंड झाका आणि नंतर साबणाने हात धुवा. नमुना म्हणून पाखरू स्वतः एसटीने किंवा गाडीवरून घेऊन जाऊ नका. पथक येऊन नमुने घेते.
४. पाखरे, अंडी, खत, खाद्य, ट्रे यांपैकी काहीही शेडबाहेर नेऊ नका.

रोग निश्चित झाल्यास पुढे काय होते?

केंद्र शासनाच्या बर्ड फ्लू कृती आराखड्यानुसार बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरपर्यंतचा भाग बाधित क्षेत्र ठरवून तेथील पाळीव पक्षी नष्ट केले जातात. त्यापुढे दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवली जाते आणि नमुने तपासले जातात. पक्षी आणि अंडी यांच्या वाहतुकीवर व विक्रीवर बंदी येते. मेलेले पक्षी, अंडी आणि खाद्य खड्ड्यात चुना टाकून पुरले जाते. त्या परिसरातील माणसांना ताप-खोकला आहे का, हे आरोग्य विभाग काही दिवस पाहतो.

तुमच्या धडधाकट कोंबड्याही यात जाऊ शकतात. हे नुकसान मोठे आहे, विशेषतः कोंबड्या कर्जाच्या असतील तर. पण दिसायला बरी असलेली कोंबडीही एक-दोन दिवसांत विषाणू टाकू लागते, आणि तोवर ती बाजारात गेली असेल तर आजार दुसऱ्या गावात पोचलेला असतो.

भरपाई कशी मिळते?

पशुधन आरोग्य व रोग नियंत्रण कार्यक्रमातून केंद्र आणि राज्य शासन मिळून ही भरपाई देतात. याविषयी लक्षात ठेवा :

• भरपाई शासनाच्या पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी, तसेच नष्ट केलेल्या अंड्यांसाठी आणि खाद्यासाठी मिळते.
• पथक येण्याआधी मेलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळत नाही. समजा, तुमच्याकडे ५० कोंबड्या आहेत. पाच मेल्यावर कळवले तर उरलेल्या ४५ ची नोंद होऊ शकते. चाळीस मेल्यावर कळवले तर दहाचीच होईल.
• दर पक्ष्याच्या प्रकारानुसार आणि वयानुसार ठरतो. चालू दर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.
• परसातल्या चार कोंबड्यांनाही भरपाई लागू आहे. मोठी पोल्ट्रीच असली पाहिजे असे नाही.
• पंचनाम्यावर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी पक्ष्यांची संख्या, प्रकार आणि तुमचे नाव नीट वाचून घ्या. वाचता येत नसेल तर विश्वासातल्या माणसाकडून वाचून घ्या. प्रत मागून ठेवा.
• आधार कार्ड आणि बँक पासबुक हाताशी ठेवा. बाकीची कागदपत्रे राज्यानुसार वेगळी असू शकतात.
• कोंबड्या कर्जाच्या असतील तर बँकेला किंवा बचत गटाच्या अध्यक्षांना पंचनाम्याची प्रत देऊन लेखी कळवा. विमा काढला असेल तर विमा कंपनीलाही कळवा.

शेड निर्जंतुक करून पशुसंवर्धन विभागाची परवानगी मिळेपर्यंत नवी पिल्ले आणू नका.

घरात कोणाला फ्लू झाल्यास

बहुतेक लोक आठवड्याभरात घरीच बरे होतात. विश्रांती, भरपूर पाणी, पेज किंवा वरणाचे पाणी आणि तापासाठी पॅरासिटामॉल एवढे पुरते. लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. फ्लू विषाणूमुळे होतो, त्यामुळे नुसत्या फ्लूवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. आजाऱ्याला शक्य असल्यास खिडकीजवळ, वेगळ्या कोपऱ्यात झोपवा. वेगळी खोली नसली तरी अंतर आणि मोकळी हवा यांनी फरक पडतो. आईला फ्लू झाला असेल तर तिने बाळाला दूध पाजणे थांबवू नये. नाक-तोंड झाकून आणि हात धुऊन पाजावे.

पुढील व्यक्तींना ताप-खोकला आल्यास वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा : गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालील मुले, ६५ वर्षांवरील व्यक्ती, तसेच दमा, मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, कर्करोग किंवा एचआयव्ही असलेले रुग्ण. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू केल्यास सर्वांत जास्त उपयोगी पडते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. शासकीय रुग्णालयांत ते मोफत दिले जाते. कोंबड्यांशी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी संपर्क आला असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. विचारले नाही तरी सांगा.

धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ किंवा नखे निळी पडणे, थुंकीतून रक्त, गुंगी किंवा झटके, मुलाने दूध-पाणी न घेणे, यांपैकी काहीही दिसल्यास १०८ ला फोन करून रुग्णालयात जा.

घरी थांबणे परवडावे म्हणून

"आठवडाभर घरी थांबा" हे सांगणे सोपे आहे. हातावर पोट असलेल्या माणसाला ते अवघड जाते. पुढील सोयी माहीत असू द्या :

• रेशन : शिधापत्रिकेवर नाव असलेला आणि आधार जोडलेला घरातील दुसरा कोणीही सदस्य अंगठा देऊन धान्य आणू शकतो. आजाऱ्याला रांगेत उभे करू नका.
• कर्मचारी राज्य विमा : तुमच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील आणि अटी पूर्ण होत असतील, तर आजारपणाच्या प्रमाणित रजेत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो. वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी ईएसआय दवाखान्याचे प्रमाणपत्र लागते.
• आयुष्मान भारत : पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचा खर्च यातून होतो. घरी घेतलेल्या औषधांचा खर्च मिळत नाही. संलग्न रुग्णालय कोणते, हे १४५५५ वर विचारता येते.
• ई-संजीवनी : घरबसल्या मोबाइलवरून डॉक्टरांचा मोफत सल्ला मिळतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोंबडी आणि अंडी खावीत का?
नीट शिजवलेली खाण्यास हरकत नाही. ७० अंश सेल्सिअस तापमानाला विषाणू मरतो. मांस आतून गुलाबी राहता कामा नये, बलक घट्ट झाला पाहिजे. कच्चे मांस कापलेली सुरी आणि पाट धुऊन मगच भाजी चिरा. आजारी किंवा मेलेली कोंबडी मात्र कशीही शिजवून खाऊ नका, कारण धोका ती सोलतानाच असतो.

दुधातून फ्लू होतो का?
मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींमध्ये एच५एन१ आढळला आणि त्यांच्या कच्च्या दुधातही विषाणू सापडला. पाश्चरीकरणाने तो मरतो. आपल्याकडे दूध उकळून पिण्याची पद्धत आहे. ती सोडू नका.

फ्लूची लस मोफत मिळते का?
सर्व बालकांना मोफत दिल्या जाणाऱ्या लसींच्या राष्ट्रीय यादीत फ्लूची लस नाही. काही राज्यांत गरोदर स्त्रिया आणि इतर जोखमीच्या गटांना ती शासकीय रुग्णालयांत मोफत दिली जाते. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. विषाणू बदलत राहतो, म्हणून ही लस दरवर्षी घ्यावी लागते. ती नेहमीच्या फ्लूसाठी आहे, बर्ड फ्लूसाठी नाही.

शेजाऱ्याच्या कोंबड्या मरत आहेत, पण तो कळवत नाही. मी कळवू शकतो का?
हो. कोणीही कळवू शकतो. त्याआधी त्याला भरपाईचा नियम समजावून सांगा. कळवल्याने आपले सगळे जाईल या भीतीने माणसे गप्प राहतात. न कळवल्याने पाखरे तर जातातच, भरपाईही जाते.

महत्त्वाचे क्रमांक

• पशुवैद्यकीय मदत : १९६२
• रुग्णवाहिका : १०८
• आरोग्यविषयक सल्ला : १०४ (अनेक राज्यांत उपलब्ध)
• आयुष्मान भारत : १४५५५

हे क्रमांक खुराड्याजवळच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. घरातल्या वाचता येणाऱ्या मुलाला तरी ते माहीत असू द्या.